गुडघ्यांच्या वेगानं कोलकाता

कोलकात्यात काय काय बघायचं याची यादी मी केली होती. कसं बघायचं, ते आईच्या गुडघ्यांनी ठरवलं. सत्तरी ओलांडलेली बाई सकाळी दोनेक तास चालते, दुपारी तिला पाय लांब करून पडायला लागतं आणि ऊन उतरलं की पुन्हा बाहेर पडायची हौस येते. या हिशेबात दिवसाला सात-आठ ठिकाणं बसत नाहीत. मग नेम केला, रोज एकच वाहन धरायचं आणि ते नेईल तेवढाच भाग बघायचा. कधी बोट, कधी ट्राम, कधी नुसती मेट्रो. गाडी ठरवून हिंडायचं नाही ही अट मात्र आईचीच. "काचेतूनच पाहाचं असन, तं घरी टीव्ही काय वाईट आहे?"

नागपूरहून संध्याकाळी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. आम्ही गेलो जानेवारी २०२५ मध्ये. हावड्याला उतरलं की पिवळ्या टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो. त्यातून वाट काढत आम्ही थेट जमिनीखाली उतरलो. हावडा ते एस्प्लनेड हा मेट्रोचा तुकडा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि देशात नदीखालून जाणारी ही पहिलीच मेट्रो. हावड्याचं स्टेशन इतकं खोल आहे की सरकते जिने संपता संपत नाहीत. एक उतरला की दुसरा, मग तिसरा. नदीखालचा बोगदा साधारण ५२० मीटरचा, गाडी तो पाऊण मिनिटात कापते. बोगद्यात निळे दिवे लावलेत, तेवढीच नदीची खूण.

"झाली गंगा?" आईनं विचारलं.

"झाली."

"अगं, नमस्कार कराचा राह्यला नं!"

(तिथले लोक हिला हुगळी क्वचितच म्हणतात, त्यांच्या तोंडी गंगाच. आईला हे फार पटलं.)

एस्प्लनेडला गाडी बदलून जुन्या मार्गावर आलो. ऑक्टोबर १९८४ मध्ये देशातली पहिली मेट्रो धावली ती याच मार्गावर, एस्प्लनेड ते भवानीपूर एवढ्याशा अंतरात. जतीन दास पार्कला उतरलं की हाजरा रोड. तिथल्या मराठी मंडळींचं महाराष्ट्र निवास याच रस्त्यावर आहे. आमचं लॉजही त्याच भागातलं. पहिल्याच संध्याकाळी दोघींसाठी मेट्रोचं स्मार्ट कार्ड घेतलं. पैसे फार वाचतात म्हणून नव्हे. ऑफिस सुटायच्या वेळी तिकीट खिडकीसमोर उभं राहणं आईला जमलं नसतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, रविवारी सकाळी मेट्रो बरीच उशिरा सुरू होते. पहाटे उठून कुठे जायचं असेल तर तो वार सोडा.

थंडीबद्दल एक सांगते. नागपूरला जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश नवल नसतं. कोलकात्यात त्याहून बरीच ऊब, तरी पुरुषांच्या डोक्यावर माकडटोप्या, गळ्यात मफलर आणि चेहऱ्यावर हिमालय चढून आल्याचे भाव. आई साध्या कार्डिगनमध्ये. चहाच्या टपरीवर एका दादांनी तिला काळजीनं सांगितलं, "माशिमा, कान झाका, ठंडा लेगे जाबे." तिनं नम्रपणे पदर कानावर ओढला आणि पुढच्या वळणावर सोडला.

बोटीचा दिवस सगळ्यात भरून पावला. हावडा स्टेशनसमोरच जेटी आहे. तिथून बागबाजारला जाणारी बोट काही रुपयांत मिळते, आणि ती निघाल्या निघाल्या हावडा ब्रिजखालून जाते. हा पूल पाहायचा तर खालूनच. १९४३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं, त्यातलं तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्यातून आलं. सगळा सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलेला, नटबोल्ट नाहीत, आणि नदीच्या पात्रात एकही खांब नाही. डोक्यावरून बसगाड्या आणि पाट्या घेतलेले हमाल चाललेले असतात आणि खालून तुम्हाला फक्त एक सततची घरघर ऐकू येते. नंतर एका सकाळी आम्ही पुलावरून चालतही गेलो, पलीकडच्या मल्लिक घाटाच्या फुलबाजारात. पुलाच्या पट्ट्यांच्या बुडाशी फायबरचं आवरण दिसतं. पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी पोलाद झिजायला लागलं म्हणून ते बसवलंय. युद्धकाळात ज्याला काही झालं नाही त्याला आपण थुंकून खातोय! फुलबाजारात झेंडूच्या माळांचे वेटोळे माणसाच्या डोक्याएवढे उंच रचलेले असतात. आईनं भाव विचारला, घेतलं काहीच नाही, आणि अर्धा तास तिथून हललीही नाही.

बोटीतून मात्र आईनं रीतसर नमस्कार केला, पाण्यात हात बुडवता येईना म्हणून बाटलीतलं पाणी डोळ्यांना लावलं. बागबाजार घाटावर उतरलो. नदी आणि वस्ती यांच्यामध्ये चक्ररेल्वेचे रूळ आहेत, लोक ते अंगणातले असल्यासारखे ओलांडतात. पलीकडे उत्तर कोलकाता. हिरव्या झडपांच्या खिडक्या, ओतीव लोखंडाचे सज्जे, भिंतीतून फुटलेले पिंपळ, आणि प्रत्येक दारापुढे सिमेंटचा ओटा. त्याला ते रोआक म्हणतात. माणसं तिथं पेपर वाचतात, वाद घालतात, दाढी करून घेतात.

बागबाजारला यायचं माझं कारण वेगळं होतं. इथं मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरच्या माणसाला तिचा पत्ता शोधावासा वाटणारच. १७४२ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये शिरले. नवाब अलीवर्दी खान चौथाई देईना. मराठ्यांची घोडदळं नदीपलीकडच्या मुलखात फिरायला लागली तशी कलकत्त्याच्या रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीची आणि नवाबाची परवानगी घेऊन शहराभोवती खंदक खणायला घेतला, आणि तोही स्वखर्चानं. ठरला होता साधारण सात मैलांचा. तीनेक मैल खणून झाला तोवर मराठे काही आले नाहीत, आणि काम तिथंच थांबलं. कलकत्त्यावर मराठ्यांनी हल्ला कधी केलाच नाही. पुढे १७९९ मध्ये तो खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचे रस्ते म्हणजे तोच. न आलेल्या आपल्या लोकांमुळे या शहराला त्याचा एक हमरस्ता मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

गल्ली विचारत विचारत गेलो. रोआकवर बसलेल्या, आईच्याच वयाच्या एका गृहस्थांनी पेपर खाली केला. "कोथा थेके? कहाँ से आया आप लोग?"

"नागपूर," मी म्हटलं.

ते मोठ्यांदा हसले, घरात पाहून ओरडले, "बोर्गी एशेछे!" आतून त्यांची सून की मुलगी कोणीतरी डोकावली आणि तीही हसली. बोर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. बंगालमध्ये लहान मुलाला झोपवताना अजून अंगाईत बोर्गी येतात. पाखरांनी धान खाल्लं, बोर्गी देशात आले, आता सारा कुठून भरायचा, असा तिचा भाव. त्या काकांनी ती आम्हाला म्हणून दाखवली, सुरात. चालीवरून वाटतं की छान काहीतरी चाललंय.

आईचं माहेर नागपूरच्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. रघुजींनी थेट बंगालपर्यंत मजल मारली, कटक घेतलं, १७५१ च्या तहात अलीवर्दी खानाकडून ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळवली, हे ती लहानपणापासून अभिमानानं ऐकत आलेली. भास्करपंतांना नवाबानं १७४४ मध्ये बोलणीच्या नावाखाली तंबूत बोलावून दग्यानं मारलं, हेही. पण चौथाई वसूल होते म्हणजे नेमकं काय होतं, कोणाची गावं जळतात, कोणाची खळी लुटली जातात, हे तिला या ओट्यावर पहिल्यांदा कोणी सांगत होतं. त्या काळच्या बंगाली लिखाणात ती वर्णनं आहेत आणि ती वाचवत नाहीत. काका मात्र तक्रार करत नव्हते, शेजारच्या घरातल्या जुन्या भांडणाबद्दल बोलावं तसं बोलत होते. आईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आमच्याकडे हे असं कोणी सांगितलं नाही, दादा." त्यावर त्यांनी चहा मागवला. मातीच्या कुल्हडात, त्याला ते भाँड म्हणतात, आणि पैसे देऊ दिले नाहीत. "बोर्गी से टॅक्स नहीं लेता," म्हणाले.

गल्लीत तसं पाहण्यासारखं काही नाही. नावाची पाटी, दोन्ही बाजूंना घरं, एक बंद झालेलं दुकान. खंदकाचा मागमूस नाही. तरी या सहलीतला माझा सगळ्यात समाधानाचा तास तो, आणि तो कुठल्याही यादीत नसतो.

तिथून सायकलरिक्षानं कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथं दुर्गा घडत असतात, पायही ठेवायला जागा नसते असं सगळे सांगतात. जानेवारीत सरस्वती असते. वसंतपंचमी जवळ आलेली, त्यामुळे प्रत्येक खोपटापुढे शेकड्यांनी सरस्वत्या ओळीत उभ्या होत्या. काही नुसत्या बांबू आणि पेंढ्याच्या, काहींवर पहिला चिकणमातीचा लेप, काही वाळून पांढऱ्या झालेल्या, डोळे नसलेल्या. पेंढा सुतळीनं आवळून आधी माणसाचा आकार करतात, त्यावर तूस मिसळलेली चिकट माती चढवतात, वाळताना भेगा पडतात त्या बारीक मातीनं आणि चिंध्यांनी बुजवतात. चेहरा साच्यातून काढून बसवतात, बोटं वेगळी वळून जोडतात. आमच्याकडे पेणच्या गणपतीचं कौतुक असतं आणि ते योग्यच आहे, पण तिथं मूर्ती साच्यातून बाहेर पडते. इथं ती आतून बाहेर वाढत जाते. एका कारागिराच्या मांडीवर हंसाचं मुंडकं होतं आणि तो फोनवर कोणाशी तरी पैशांवरून भांडत होता. हात थांबला नाही. गल्ल्या अरुंद आहेत, मूर्ती वाहून नेणारे हमाल "पाशे! पाशे!" करत येतात, तेव्हा भिंतीला चिकटायचं. आईला एका खोपटात स्टूल मिळालं, म्हणून मला पाऊण तास मिळाला.

ट्राम. हिच्याबद्दल लिहिताना लोक फार हळवे होतात, मी आवरते. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढली, १९०२ पासून विजेवर. आम्ही जाण्याच्या काही महिने आधी राज्य सरकारनं जाहीर केलं होतं की मैदानातला छोटा वारसा-मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करणार, आणि प्रकरण कोर्टात होतं. श्यामबाजारची ट्राम अजून येत होती. एस्प्लनेडच्या डेपोत (तिथले लोक या भागाला धर्मतल्ला म्हणतात) वाट बघावी लागते. वेळापत्रक विचारू नका, कंडक्टरही हसतो. दोन डबे, लाकडी बाकं, डोक्यावर फिरणारे पंखे, आणि दहा रुपयांच्या आतलं, बोटाएवढं पातळ कागदी तिकीट. सरकार म्हणतं हिच्यामुळे रस्ता अडतो. आमच्या ट्रामपुढे रुळावरच टेम्पो उभा करून एकजण बाथरूमच्या टाइल्स उतरवत होता. चालकानं पायानं घंटा वाजवली, वाजवली, मग खाली उतरून त्याच्याशी बोलून आला. आता कोण कोणाला अडवत होतं ते ज्याचं त्यानं ठरवावं. आईच्या दृष्टीनं मात्र हे सर्वोत्तम वाहन. पायरी बेताची, गती बेताची, आणि खिडकी इतकी मोठी की दुकानातला माणूस काय विकून राहिलाय ते वाचता येतं.

कॉलेज स्ट्रीटला उतरलो. फुटपाथच्या दोन्ही कडांना पुस्तकांच्या टपऱ्या, मैलभर तरी. बहुतेक माल परीक्षांच्या पुस्तकांचा, गाइडांचा आणि वैद्यकीच्या जाड्या ग्रंथांचा, हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर निराशा होते. पण नाव सांगितलं तर विक्रेता तिथूनच पलीकडच्या टपरीला हाक मारतो, आणि पाच मिनिटांत पोरगं पुस्तक घेऊन येतं. रविवारी बहुतेक सगळं बंद. कॉफी हाउस समोरच्याच गल्लीत, जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर. ते कामगारांची सहकारी संस्था चालवते. जिना चढताना आई दोनदा थांबली आणि वर गेल्यावर टेबल नव्हतं. मग कळलं, इथं रांग नसते. उठण्याची लक्षणं दिसणाऱ्या टेबलाशेजारी जाऊन उभं राहायचं. पण ज्यांच्या शेजारी आम्ही उभ्या राहिलो त्यांनी उठण्याऐवजी खुर्च्या सरकवल्या आणि आईला बसवून घेतलं. काळ्या कॉफीला इथं इन्फ्युजन म्हणतात. कॉफी ठीकठाक आहे. फेटा बांधलेला वाढपी पंधरा मिनिटं तुमच्याकडे पाहणार नाही, आणि मग बिल घेऊन उठवायलाही येणार नाही. या व्यवहारात कोणाचंच नुकसान नाही.

जेवणाचं सांगते, कारण आई शाकाहारी आणि शहर माशाचं. मी तिला जुन्या पाइस हॉटेलांत नेलं. संगमरवरी टेबलं, केळीचं पान, आणि प्रत्येक पदार्थाचा दाम वेगळा. पानाचा वेगळा, लिंबाच्या फोडीचा वेगळा. वाढपी दिवसाचा बेत एका दमात म्हणून दाखवतो. 'निरामिष' म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, पण मिळतं भरपूर. कडसर शुक्तो, केळफुलाचा घोंटो, खोबऱ्याचे तुकडे घातलेली चण्याची डाळ, आणि पोस्तो, म्हणजे बटाट्याबरोबर शिजवलेली वाटलेली खसखस. ती आईनं दोनदा मागितली. डाळीबद्दल मात्र दर वेळी विचारून घ्या. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं असू शकतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं वाटत नाही. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात बसतो. दुसऱ्या दिवशी जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी त्याशिवाय भाजी अळणी लागते. मी पार्शे मासा खाल्ला, काटे फार, चव त्याहून जास्त.

व्हिक्टोरिया मेमोरियल बाहेरून पुरे. बाग सुंदर आहे, बाकं आहेत. पार्क स्ट्रीटचं जुनं दफनभूमीचं आवार मला आवडलं, आईला नाही. "लेकरंच आहेत गं यातली कितीतरी," म्हणून ती फाटकाशी येऊन बसली, आणि शिळा वाचत गेलं की तिचं म्हणणं खरं ठरतं. इंडियन म्युझियम मात्र वेळ काढून पाहा, आणि सोमवार टाळा, तेव्हा ते बंद असतं. १८१४ ची संस्था, लोक तिला जादूघर म्हणतात. गर्दी ममीपाशी असते. तुम्ही भारहूतच्या दालनात जा. सतन्याजवळच्या स्तूपाचा लाल दगडी कठडा तिथं उभा केलाय, दोन हजार वर्षांहून जुना. जातककथा कोरल्यात आणि त्यातल्या बऱ्याच कथांना ब्राह्मीत नावं. आईनं पट्टेवाल्याकडून एकेक कथा ऐकून घेतली. तो हिंदीत सांगत होता, तिला निम्म्या आधीच माहीत होत्या, मग तीच त्याला पुढचं सांगायला लागली.

दक्षिणेश्वर राहिलं. मेट्रो थेट तिथपर्यंत जाते, पण त्या सकाळी गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि आम्ही हाजऱ्यालाच मिठाईच्या दुकानांतून हिंडलो. हिवाळा म्हणजे नोलेन गुळाचा मोसम, खजुरीच्या ताज्या रसाचा गूळ. त्याचा संदेश दुधाळ तपकिरी रंगाचा, धुरकट वासाचा. रसगुल्ला वर्षभर मिळतो, पोटातली जागा यासाठी ठेवा. आईनं पातळ गुळाचा डबा घेतला आणि परतीच्या गाडीत तो बॅगेत ठेवायला साफ नकार देऊन मांडीवर धरून बसली. समोरच्या बर्थवर मुंबईला निघालेलं बंगाली कुटुंब होतं. त्यांच्यातल्या आजीबाईंनी तो डबा हातात घेऊन लेबल वाचलं, नाक मुरडलं, आणि हा कारखान्याचा आहे, खरा गूळ गावाकडूनच आणावा लागतो, असं ऐकवलं. खरगपूर येईपर्यंत दोघी त्यावर बोलत होत्या, एक बंगालीत, एक वऱ्हाडीत. पुढे कधीतरी त्यांचा विषय संत्र्यांवर गेला. नागपूर येण्याच्या आधी आईनं त्यांच्या मुलाला बजावून सांगितलं की फलाटावरची टोपलीतली संत्री वरवरची बघून घेऊ नको, खालची काढून दाखवायला सांग.